तापीकाठून : ‘संसार करता येईल का?’

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारच्या तासिका आटोपून घरी आले तर पायरीवर एक बाई बसलेल्या. हातात मावा जिलबीचा पुडा. ओळख जुनीच. मूळच्या सोलापूरच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या, नवऱ्याच्या पॉवरलूमच्या कामामुळे बऱ्हाणपुरात येऊन राहिलेल्या. माझं माहेर निपाणीचं. त्यामुळे आम्ही दोघी भेटलो की अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं आमचं चालतं. त्यांची ओळख कुणाला पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, तरी बाई मुद्द्यावर येईनात. शेवटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘‘मॅडम, आमच्या मगाचं लग्न ठरतंय.’’

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको, कन्नडात ‘मग’ म्हणजे मुलगा आणि ‘मगळु’ म्हणजे मुलगी. बाईंच्या घरात मगळु म्हणून वाढलेलं लेकरू पंचविशीच्या आसपास मग झालं. लहानपणापासून त्याचं मन मुलाचंच होतं. नोकरीला मोठ्या शहरात गेला, तिथं डॉक्टरांचे उपचार घेतले, पैसे साठवून शस्त्रक्रिया करून घेतली. दोन वर्षं घरात कुणी त्याच्याशी बोललं नाही. मग वडील एकदा आजारी पडले, तो धावत आला, महिनाभर उशाशी बसला आणि अबोला सुटला. आता दोघंही त्याला मुलगाच म्हणतात. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंतची कातडी घेऊन डॉक्टरांनी त्याचा नवा अवयव घडवला. तो व्रण झाकण्यासाठी ही सारी धडपड.

मुलगी त्याच्याच कचेरीतली. तिला सगळं ठाऊक आहे, तिची तयारी आहे. पण तिच्या आईनं बाईंना बाजूला घेऊन एकच विचारलं होतं, ‘‘संसार करता येईल का?’’

आता संसार हा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि दोन्हीकडे तो सोयीचा आहे. त्यात भांडीकुंडी येतात, मुलंबाळं येतात आणि जे तोंडानं म्हणायचं नसतं तेही येतं. त्या माउलीला विचारायचं होतं ते हे शेवटचंच. आणि बाईंना उत्तर माहीत नव्हतं. मुलाला विचारायची त्यांची छाती नव्हती. ‘‘तुम्ही पेपरात लिहिता, चार पुस्तकं वाचता. तुम्हीच सांगा,’’ म्हणाल्या. आणि लगेच पुढे, ‘‘बीडच्या त्या पोलिसाला नाही का मुलगा झाला! मग आमच्याकडंही होईलच की.’’

मी मराठीची प्राध्यापिका, डॉक्टर नव्हे. त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. परिचयातल्या एका शल्यविशारदांशी बोलले, मिळालं ते वाचलं. जे कळलं ते बाईंना सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगते आहे. कारण असा प्रश्न मनात घेऊन बसलेलं घर हे एकच नसणार. विषय जरा नाजूक आहे, पण मराठीत तो पहिल्यांदा येतो आहे असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण विचारणाऱ्याला खरं सांगावं ही वाट तेव्हाच पडली.

आधी बीडच्या बातमीचं बघू. ललित साळवे हे बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली आणि पोलिसात भरतीही महिला म्हणून झाली. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळेना म्हणून २०१७ मध्ये ते उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढचे टप्पे २०२० पर्यंत चालले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना मुलगा झाला. आपल्या सगळ्यांना आनंद वाटावा अशीच ती बातमी. मात्र एक गोष्ट लोक विसरतात. साळवे यांच्या तपासणीत पुरुषाचं ‘वाय’ गुणसूत्र आढळल्याचं तेव्हाच छापून आलं होतं. म्हणजे त्यांच्या शरीराची मूळ घडणच वेगळी होती. ज्याचं शरीर जन्मतः पूर्णपणे स्त्रीचं आहे आणि मन पुरुषाचं, अशा पारलिंगी पुरुषाला ती बातमी लागू करता येत नाही. साळवे यांच्या घरातला आनंद त्यांचा. आपण त्याची मोजपट्टी करून दुसऱ्याच्या मुलाला लावू नये.

बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, पूर्ण ऐका.

निसर्गानं स्त्री आणि पुरुष अगदी वेगवेगळ्या मातीचे घडवलेले नाहीत. गर्भाच्या पहिल्या आठ-नऊ आठवड्यांपर्यंत दोघांची बाहेरची इंद्रियं सारखीच दिसतात. एकाच उंचवट्यातून पुढे मुलाचं शिश्न होतं आणि मुलीची शिश्निका. शिश्निका म्हणजे स्त्रीच्या योनिमुखाच्या वरच्या बाजूचा लहानसा अवयव. तिचं काम एकच, सुखाची संवेदना देणं. पारलिंगी पुरुष टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेऊ लागला की आवाज फुटतो, दाढी येते, पाळी थांबते आणि ही शिश्निका वाढू लागते. बहुतेकांची कामेच्छाही वाढते.

शस्त्रक्रियेच्या मुख्य वाटा दोन. पहिलीत, वाढलेली शिश्निका भोवतीच्या बंधांतून मोकळी करून तिचंच छोटं शिश्न करतात. ते शरीराचंच असल्यामुळे संवेदना शाबूत राहते आणि उत्तेजनेनं ताठरताही आपोआप येते. उणीव लांबीची. चार-पाच सेंटिमीटर, कुणाचं थोडं अधिक. पती-पत्नीचा संभोग ज्याला आपण म्हणतो तो त्यानं सहसा साधत नाही. मूत्रमार्ग लांबवून घेतला तर उभं राहून लघवी करता येते आणि अनेकांना तेवढंही पुरेसं वाटतं.

दुसरी वाट बाईंच्या मुलानं धरलेली. हाताची किंवा मांडीची कातडी, तिच्यातल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंसकट उचलायची, तिची नळी करायची आणि योग्य जागी जोडायची. आकार पूर्ण पुरुषासारखा मिळतो. पारलिंगी पुरुषांपुरता या कामाचा आरंभ ब्रिटनमधला. सर हॅरॉल्ड गिलीज हे पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे चेहरे दुरुस्त करणारे शल्यविशारद. त्यांनी १९४६ ते १९४९ या काळात मायकेल डिलन यांच्यावर निदान १३ शस्त्रक्रिया करून असा अवयव घडवला. हे डिलन स्वतः डॉक्टर झाले, पुढे भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ साली डलहौसीला वारले. त्या काळी घडवलेल्या अवयवात जाणीव आणण्याची सोय नव्हती. १९८४ साली चीनमधल्या शल्यविशारदांनी हाताची कातडी वापरण्याची पद्धत मांडली आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू जोडण्याची कला रुळली, तेव्हा चित्र पालटलं.

हे मज्जातंतूंचं काम समजावताना मी बाईंना आपल्या कुंडी भंडाऱ्याची आठवण दिली. बऱ्हाणपूरला येऊन गेलेल्या वाचकांनी तो पाहिला असेल. वरून नुसती ओळीनं कुंड्यांची तोंडं दिसतात. पाणी खालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसरीत, चारशे वर्षं वाहतं आहे. तसंच इथं. हातातून आलेला एक मज्जातंतू शिश्निकेकडे जाणाऱ्या मज्जातंतूला जोडतात, दुसरा जांघेतल्या साध्या स्पर्शाच्या मज्जातंतूला. जोडलं म्हणजे लगेच कळू लागतं असं नाही. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. नव्या अवयवाच्या टोकापर्यंत जाणीव पोचायला कित्येक महिने, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं. काहींना पूर्ण जाणीव येते, काहींना अर्धवट. मात्र मूळची शिश्निका डॉक्टर सहसा काढत नाहीत. ती नव्या अवयवाच्या बुडाशी राखून ठेवतात. त्यामुळे सुखाचं मूळ ठिकाण जागेवर राहतं. कामतृप्ती बहुतेकांना मिळते ती याच्या बळावर.

‘‘मग अडचण कुठं आहे?’’ बाईंनी विचारलं.

अडचण ताठरतेची. पुरुषाच्या शिश्नात रक्त भरून घेणारी स्पंजासारखी पेशीजालं असतात. हाताच्या कातडीत ती नाहीत आणि आजही ती कुणाला बनवता येत नाहीत. म्हणून आत एक साधन बसवावं लागतं. एक वाकवून ठेवता येणारी कांडी असते, दुसरं पंपानं द्रव भरून फुगवायचं. हे पहिल्याच शस्त्रक्रियेत करत नाहीत. जाणीव परत आली, जखमा पूर्ण भरल्या, की साधारण वर्षभरानं. जाणीव नसेल तर आतली कांडी कातडीला घासून भोक पाडते आणि माणसाला कळतही नाही. शिवाय ही साधनं बनली ती नपुंसकत्व आलेल्या पुरुषांसाठी. त्यांच्या शरीरात ती बसायला तयार जागा असते. इथं ती जघनास्थीला बांधून ठेवावी लागतात. त्यामुळे जंतुसंसर्ग, साधन सरकणं, बिघडणं हे बरंच घडतं आणि पुन्हा टेबलावर जाण्याची तयारी ठेवावी लागते. लघवीच्या तक्रारीही होतात. शिवणीतून लघवी झिरपते किंवा नवा मार्ग आकसून अरुंद होतो. हे कुणाच्या निष्काळजीपणामुळेच होतं असं नव्हे. कामच इतकं किचकट आहे.

आणि वीर्याचं म्हणाल तर ते नाही. शुक्राणू वृषणात तयार होतात. वृषणाच्या जागी बसवतात ती सिलिकॉनची गोळी असते. तेव्हा या मार्गानं मूल होत नाही. दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक, हे रस्ते अनेक निपुत्रिक जोडप्यांचे असतात तेच इथंही. ज्यांना पुढेमागे आपलंच बीज हवं आहे त्यांनी अंडाशय काढण्याआधी स्त्रीबीज गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावं. उलट, ज्यांनी गर्भाशय व अंडाशय ठेवले आहेत त्यांनी केवळ पाळी थांबली म्हणून निर्धास्त राहू नये. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. पुष्कळ पारलिंगी पुरुष ही खालची शस्त्रक्रिया करतच नाहीत. कुणाला खर्च परवडत नाही, कुणाला धोका नको असतो, कुणाला गरजच वाटत नाही. त्यानं त्यांचं पुरुषपण कमी होत नाही.

एवढं सोसून पदरात काय पडतं? बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या रुग्णालयात याचा बरीच वर्षं अभ्यास झाला. २००५ सालच्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्या ५५ जणांना विचारलं होतं, त्यांत २३ पारलिंगी पुरुष होते. दर दहांतल्या सुमारे आठ जणांनी आपलं कामजीवन सुधारल्याचं सांगितलं. २०११ मध्ये त्याच ठिकाणच्या ४९ पारलिंगी पुरुषांचा अभ्यास आला. उपचारांपूर्वीच्या मानानं उत्तेजना आणि कामतृप्ती दोन्ही वाढल्याचं त्यात आढळलं. ज्यांनी ताठरतेचं साधन बसवलं होतं त्यांच्या अपेक्षा अधिक पुऱ्या झाल्या होत्या, पण संभोगाच्या वेळी दुखण्याची तक्रारही त्यांचीच अधिक होती. हे आकडे परदेशातले आणि थोड्या माणसांचे आहेत हे खरं. पण शल्यविशारदांनी मला एक साधी गोष्ट सांगितली. ज्याला आपल्या देहाचीच लाज वाटते, जो दिवा मालवल्याशिवाय अंगावरचं वस्त्र काढत नाही, त्याला सुख कुठून मिळणार? देह आपला वाटू लागला की निम्मं काम होतं. हे तुम्हाआम्हालाही कळण्यासारखं आहे.

म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. होय, संसार करता येईल. सुख घेता येईल आणि देताही येईल. साधन बसवलं तर संभोगही करता येईल, पण त्यात खर्च आहे, धोका आहे. नाही बसवलं तरी हात, ओठ, सहवास, बोलणं, एकमेकांची आवड ओळखणं हे सारं आहेच. बीज मात्र नाही. यातलं काहीही लपवू नये आणि काहीही फुगवून सांगू नये.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या थोरल्या जावयाला कुणी विचारलं होतं का हो असं? पत्रिका बघितली, पगार बघितला आणि दिली पोर.’’ त्यांचं खरं होतं. आपल्याकडे लग्नं ठरतात तेव्हा मुलाला संसार करता येईल का, हे कुणी विचारत नाही. येत असेल असं धरून चालतात. नाही आलं तर दोष सुनेच्या कपाळी मारतात. कन्नडात तर नवऱ्याला ‘गंड’ आणि पुरुषाला ‘गंडसु’. शब्दच एका कुळातले. मराठीत आपण तेवढं एकत्र केलं नाही, पण मनात तेच आहे. परीक्षा मात्र घेतो फक्त ज्याचा कागद आधी वेगळा होता त्याची. आणि तीही मुलीला काय हवं आहे हे न विचारता.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण बाईंना पोलिसांची भीती होती. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. २०१९ साली संसदेनं पारलिंगी व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा केला आणि जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगी पुरुष आणि स्त्री यांना चालू कायद्यांखाली लग्न करता येतं असं स्पष्ट केलं. आमच्या मध्य प्रदेशातही डिसेंबर २०२१ मध्ये गृहखात्यानं एका महिला शिपायाला पुरुष होण्याची परवानगी दिली. तेव्हा मुलाची कागदपत्रं वकिलाकडून एकदा नीट तपासून घ्या आणि निर्धास्त राहा, असं मी बाईंना सांगितलं.

राहिला प्रश्न कुणी कुणाला सांगायचं याचा. माझं मत विचाराल तर मुलीला सगळं कळलं पाहिजे, आणि ते मुलानंच सांगितलं पाहिजे. शक्य तर दोघांनी एकदा त्या डॉक्टरांकडे जोडीनं जावं. पुढच्या शस्त्रक्रिया किती, त्रास काय, खर्च किती, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकावं. मुलीच्या आईला तिच्या प्रश्नापुरतं उत्तर द्यावं. ती लेकीच्या काळजीनं विचारते आहे, तिच्यावर रागावू नये. मात्र मामा, काका, शेजारीपाजारी यांना या खोलीत प्रवेश नाही. कुठल्याच जोडप्याच्या खोलीत तो नसतो.

उठताना बाई दारात थांबल्या. ‘‘मॅडम, तुम्ही हे सगळं मराठीत सांगितलंत. विहीणबाई कन्नड बोलणाऱ्या. त्यांना मी कन्नडात काय सांगू? मला तर शब्दच येत नाहीत.’’ मीही विचार करू लागले. मला येतात ते कन्नड शब्द एकतर शिव्यांमधले किंवा पुस्तकातले. आईच्या तोंडी शोभेल असा एकही सापडेना.

थोड्या वेळानं बाईच म्हणाल्या, ‘‘सुख होईल म्हणते. सुख म्हटलं तर त्यांनाही कळेल.’’

सुख हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे. परवा त्यांचा फोन आला होता. दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. मुलीचे वडील अजून काही बोललेले नाहीत. विहीणबाईंनी मात्र मुलाच्या शर्टाचं माप मागून घेतलं आहे आणि बाई अर्धी चालेल का, असंही विचारलं आहे.